काळजीचा रंग

केतकीचा फोन आला तेव्हा शैलजा देशमाने दुपट्याच्या चौथ्या कोपऱ्यावर होती. जुन्या सुती साड्यांचं मऊ दुपटं आणि चारी कोपऱ्यांत चार पोपट, असा तिचा बेत होता. तीन पोपट झाले होते, चौथ्याची चोच राहिली होती. लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला अजून दोन महिने अवकाश होता, पण अळीव, डिंक, सुंठ, बाळंतशेपा सगळं डब्यांत भरून, वर चिठ्ठ्या चिकटवून तयार होतं. कराडच्या त्या तीन खोल्यांच्या घरात पलंगाची दिशासुद्धा बदलून झाली होती, कारण खिडकीचा वारा बाळंतिणीच्या डोक्यावर यायला नको. तिचे यजमान सदानंदराव तो पलंग तीनदा सरकवून कावले होते.

"आई, बसली आहेस ना?" केतकीने विचारलं.

"बसलेच आहे. का गं? आवाज असा का येतोय तुझा? जेवलीस का? ऋत्विज घरी आहे ना?"

"एका वेळी एक विचार गं." केतकीने श्वास घेतला, चार अंक आत, चार अंक बाहेर, शैलजाला तो फोनवरही मोजता आला. "आई, मी बाळंतपणाला कराडला येत नाहीये."

"मग मी येते की पुण्याला. त्यात काय."

"तेही नको. मण्याने तुला अंतरात टाकलंय."

शैलजाने सुई दुपट्यात खोचली. वाक्यातला प्रत्येक शब्द तिला कळला होता. मणी काय आणि अंतर काय, हे तर तिने दहा ठिकाणी व्याख्यान देऊन बायकांना समजावलं होतं. फक्त त्या वाक्यात आपण कशा आलो, हे तिला कळेना.

मणी म्हणजे मसुरीच्या डाळीएवढी एक वस्तू. कानाच्या पाळीमागे चिकटवायची आणि विसरून जायचं. नाडीच्या दोन ठोक्यांमधला वेळ तो मोजतो, त्वचेवरचा घाम चाखतो, आणि आजूबाजूला चाललेलं बोलणं ऐकतो. सुरुवातीला त्याने लोकांना पाच सवयी लावल्या. सकाळी दहा मिनिटं कोवळ्या उन्हात बसायचं, वीस मिनिटं चालायचं, दिवसातून तीनदा चार अंकांचा श्वास घ्यायचा, झोपण्याआधी तासभर पडद्यांकडे बघायचं नाही, आणि दिवसभरातल्या तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहायच्या. यात नवीन काहीच नव्हतं. पण सांगणारे पुष्कळ असतात, रोज न कंटाळता आठवण करणारं कुणी नसतं. मणी ते करी. आणि गुण येई, हेही खरं. लोकांना झोप लागू लागली, गोळ्या कमी झाल्या. दहावीच्या वर्षी केतकी रात्र रात्र जागून रडायची, तेव्हा शैलजाने स्वतः दिवाळीच्या पाडव्याला तिच्या कानामागे मणी लावला होता. पोरगी सुधारली होती. शैलजाचा विश्वास बसला तो असा, डोळ्यांदेखत.

सहावी सवय नंतर आली. तिचं नाव अंतर. आपल्याला कुणामुळे त्रास होतो हे मणी मोजून दाखवी, आणि त्या माणसापासून थोडं लांब राहा असं सुचवी. कटकटे साहेब, टोमणे मारणाऱ्या जावा, पिऊन घरी येणारे भाऊ, अशा पुष्कळांना त्यामुळे चाप बसला. महिला मंडळात शैलजा म्हणायची, बायांनो, हे तर आपल्याला कधीच हवं होतं.

"माझ्यामुळे त्रास होतो तुला?" तिने आता विचारलं.

"मी नाही म्हणत गं. आकडे म्हणतात." केतकीचा आवाज समजूत काढणारा होता, आणि तेच शैलजाला जास्त लागलं. "अडतीस दिवसांत तू एकशे एकोणनव्वद वेळा काळजी म्हणालीस. काळजी घे, काळजी वाटते, काळजी लागून राहिलीय. प्रत्येक वेळी माझी नाडी वर गेलीय. प्रसूतिगृहात सोबतीला एकच माणूस चालतं आणि ते हिरवं लागतं. बाळंतीण शांत असली की कळा सोप्या जातात, हे तूच शिकवतेस ना सगळ्यांना? तू नारिंगी आहेस. ऋत्विजची आई हिरवी आहे."

विहीणबाई हिरव्याच असणार, शैलजाच्या मनात आलं. त्या बाईने आयुष्यात कुणाला जेवलास का म्हणून विचारलं नव्हतं.

फोन ठेवल्यावर सदानंदरावांनी चष्म्यावरून पाहिलं. एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं घालवलेला माणूस. इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगायचा, पण घरात फारसं बोलायचा नाही.

"काय झालं?"

"काळजी या शब्दाने तिची नाडी वाढते म्हणे."

"वाढणारच. आईने म्हटल्यावर पोरीच्या काळजात हलतं. हलायलाच पाहिजे."

"पण मणी त्याला त्रास म्हणतो."

"त्याला कुणी सांगितलं त्रास म्हणून?"

शैलजाने दुपट्याची घडी घालायला घेतली. कुणी सांगितलं, ते तिला ठाऊक होतं.

बावीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवून शैलजाने नोकरी सोडली त्या वर्षी पुण्यातल्या एका वाणी केंद्राची जाहिरात आली होती. मण्याला मराठी शिकवायची होती. अडचण अशी होती की माणूस किती हलला, हे शरीरावरून कळतं. कुठल्या बाजूला हलला, हे कळत नाही. निकालाची यादी लागताना आणि बोहल्यावर अंतरपाट दूर होताना छाती सारखीच धडधडते, घाम सारखाच फुटतो. नाडीला सुखदुःख ठाऊक नसतं. ती बाजू ठरवायला शब्द लागतात. आणि एवढ्याशा मण्यात सबंध वाक्याचा अर्थ लावण्याची ताकद नसते, म्हणून तो तांदळातले खडे वेचावेत तसे शब्द वेचतो. वेचलेल्या शब्दाला रंग असला की काम झालं. हिरवा म्हणजे आधार, नारिंगी म्हणजे ताण.

रंग देणाऱ्या नऊ जणांत शैलजा एक होती. हेडफोन लावून पाच-पाच सेकंदांचे आवाज ऐकायचे आणि बटण दाबायचं. काळजी हा शब्द तिच्या वाट्याला एका मंगळवारी जेवणाच्या सुट्टीआधी आला. ती अडखळली. इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत, जपण्याला एक आणि घोर लागण्याला एक. मराठीने दोन्हींना एकाच भांड्यात शिजवलंय. ती उठून केंद्रप्रमुख सोनटक्क्यांकडे गेली होती. ते म्हणाले होते, एक शब्द, एक रंग, जे जास्त ते धरा. तिने अकरा आवाज ऐकले. त्यातला पहिलाच एका बाईचा होता, मुलगा परत आला नव्हता, आणि ती हुंदके देत म्हणत होती, काळजीने जीव जातोय हो. शैलजाला भूक लागली होती. तिने नारिंगी दाबलं. ती मराठीची शिक्षिका, त्यामुळे तिचा रंग प्रमाण मानला गेला. बाकीच्या आठ जणांनी तोच लावला. दुपारच्या डब्यात गवारीची भाजी होती, हेही तिला आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती पुण्याला गेली. सोनटक्के आता मोठे साहेब झाले होते, पण ओळख विसरले नव्हते. चहा मागवला.

"चूक माझी आहे सर," शैलजा म्हणाली. "मीच दुरुस्त करून देते. लेखी देते हवं तर."

"मॅडम, हे नऊ वर्षांपूर्वी विचारलं असतंत तर."

"विचारलं होतं मी."

"हो का? मग मी काय म्हणालो?"

"एक शब्द, एक रंग."

"बरोबर आहे ते," सोनटक्के म्हणाले आणि मनापासून हसले. मग तिचा चेहरा बघून गंभीर झाले. "असं बघा. त्या शब्दावर नंतरचं सगळं बेतलंय. कुणाचा ताण किती, कोण कुणाच्या अंतरात, किती जणांची औषधं बंद केली. पायाचा दगड आहे तो आता. आज मी त्याचा रंग बदलला तर चाळीस लाख माणसांची नऊ वर्षांची मोजमापं खोटी ठरतात. कोण करू देईल मला?"

"पण ती खोटीच आहेत."

"सगळी नाहीत ना. काळजी काळजी करून माणसांचा जीव खाणाऱ्या आया असतात की नाही? खरं सांगा."

शैलजाला खोटं बोलता आलं नाही. असतात, आणि आपणही थोड्याफार त्यातल्याच, हे तिला त्या खुर्चीत बसल्या बसल्या पटलं. केतकीला इंजिनिअरिंगला घालताना, तिचं पहिलं स्थळ मोडलं तेव्हा, किती घोर केला होता आणि किती बोलून दाखवला होता. एकशे एकोणनव्वदपैकी पन्नास तरी खरोखर नारिंगी असतील. पण उरलेल्यांचं काय, ते मात्र कुणी मोजलं नव्हतं.

"तसंही तरुण मुलं तो शब्द फारसा वापरतच नाहीत," सोनटक्के म्हणाले. "टेक केअर म्हणतात."

"त्याचा रंग कुठला?"

"हिरवा. ती यादी बाहेरून तयार आली होती."

शैलजाने चहाचा कप खाली ठेवला. बावीस वर्षं तिने पोरांना समानार्थी शब्द शिकवले होते.

"तुम्हीही टेक केअर म्हणून बघा," सोनटक्क्यांनी तिला दारापर्यंत पोचवत सांगितलं. "दोन महिने आहेत अजून. रंग बदलतो, मॅडम. आपण बदललं की बदलतो."

राग गिळायचा आणि कामाला लागायचं, हे शैलजाला येत होतं. तिला बाळंतपणाच्या वेळी लेकीजवळ असायचं होतं. याहून जास्त काही नको होतं, आणि याहून कमी चालणार नव्हतं. अंतरातल्या माणसाला रविवारी दहा मिनिटं फोन करायची परवानगी असे. शैलजाने शनिवारी वहीत बोलायचं लिहून काढायला सुरुवात केली. सदानंदराव समोर वाटी-चमचा घेऊन बसत. तिने चुकून तो शब्द काढला की चमचा वाजे.

"पायावर सूज नाही ना? मला आपली..." टण्.

"अजून म्हटलं कुठे मी."

"म्हणणार होतीस."

तिला हळूहळू कळत गेलं की प्रश्न एका शब्दाचा नाही. तो शब्द काढला की त्याच्या मागचे प्रश्नही काढावे लागतात, कारण प्रश्न विचारला की आवाज कापतो, आणि मण्याला आवाजही ऐकू येतो. जेवलीस का, झोप लागते का, बाळ हलतं का, हे सगळं गेलं. मग उरलं काय? छान. मस्त. भारीच की. तुझं तू बघ, तुला कळतं. हवेवर बोलायचं, शेजारच्या मांजरीवर बोलायचं, आणि शेवटी टेक केअर म्हणून फोन ठेवायचा. पहिल्या रविवारी फोन ठेवल्यावर तिने मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. चौथ्या रविवारी तसं करावं लागलं नाही, आणि हे तिच्या लक्षातही आलं नाही.

सदानंदरावांच्या आलं. एकदा त्यांना ताप भरला, तर शैलजाने गोळी आणि पाणी पुढे ठेवलं आणि म्हणाली, आराम करा, मस्त वाटेल. त्यांनी गोळी तशीच हातात धरली.

"शैले, मला मणी नाहीये," ते म्हणाले.

पाचव्या रविवारी केतकीचा फोन स्वतःहून आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "आई, तू हिरवी झालीस. सासूबाईंना तसंही जमणार नव्हतं, त्यांची सहल आहे. तूच ये. सोबतपत्र तुझ्या नावावर केलंय. फक्त एक आहे, हिरव्यावरून एकदा घसरलीस की पत्र रद्द होतं, आणि मग दुसरं मिळत नाही."

"भारीच की," शैलजा म्हणाली.

दुपट्याच्या चौथ्या पोपटाची चोच तिने त्या दुपारी पुरी केली.

पुण्यात केतकीच्या घरी आठवडाभर सगळं सुरळीत चाललं. सकाळी मायलेकी गॅलरीत उन्हाला बसत, संध्याकाळी सोसायटीच्या बागेत वीस मिनिटं चालत. केतकी वहीत तीन चांगल्या गोष्टी लिही, आणि त्यात एकदा लिहिलं होतं, आई किती बदलली. ते तिने वाचून दाखवलं. शैलजाने गळ्यात अडकवलेल्या सोबतपत्राकडे पाहिलं. पत्त्याच्या पानाएवढं ते पत्र गर्द हिरवं होतं.

आठव्या दिवशी, बुधवारी, केतकी ताटावर बसली असताना शैलजाचं लक्ष तिच्या मनगटाकडे गेलं. डोहाळजेवणात भरलेला हिरवा चुडा. परवापर्यंत तो हात हलवला की कोपरापर्यंत सरकत होता. आता काकणं मनगटात रुतून बसली होती, आणि दोन काकणांच्या मध्ये मांस फुगून वर आलं होतं. शैलजाने वर पाहिलं. डोळ्यांखालीही फुगवटा होता.

"डोकं जड झालंय सकाळपासून," केतकी म्हणाली. "डोळ्यांपुढे काजवे चमकल्यासारखे वाटतात. मणी म्हणतो पडदा जास्त झाला, श्वास घ्या."

शैलजाच्या हातातला भाताचा चमचा तसाच राहिला. तिला हे ठाऊक होतं. केतकीच्याच वेळी, याच महिन्यात, तिच्या स्वतःच्या बांगड्या अशा रुतल्या होत्या. तिच्या सासूबाई म्हणजे दिवसभर किरकिर करणारी बाई, भाजी चिरली तरी चूक काढायच्या. पण त्या दिवशी त्यांनी तिचा हात धरून पाहिला आणि म्हणाल्या, मला तुझी काळजी वाटते, ऊठ. चपला घालायलाही दिल्या नाहीत, रिक्षात घातलं. रक्तदाब इतका चढला होता की डॉक्टर म्हणाले, उद्या आणलं असतं तर दोघींपैकी एक गेली असती. मण्याला रक्तदाब कळत नव्हता. तो मनासाठी होता. ते त्याचं कामच नव्हतं.

"केतकी," शैलजा म्हणाली, आवाज बेताचा ठेवून, "सहजच एकदा डॉक्टरांना दाखवून यायचं का? मस्त फेरी होईल."

आवाज बेताचा राहिला नसावा. केतकीने कानामागे हात नेला. तिथे मणी थरथरला होता. शैलजाच्या गळ्यातल्या पत्राची कड पिवळी झाली.

"आई, प्लीज. किती छान चाललं होतं आपलं. सोमवारी तपासणी आहेच ना? आता सुरू नको करूस."

शैलजाने चमच्यातला भात तिच्या ताटात वाढला. जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरात तिने जावयाला गाठलं. ऋत्विज मुलगा चांगला होता, भांडी विसळत होता.

"तिच्या बांगड्या बघितल्या का तुम्ही?"

"शेवटच्या महिन्यात सगळ्यांनाच थोडं होतं, आई. मी वाचलंय." त्याने हात पुसले. "तुम्ही प्रसूतिगृहाला कळवलंत तर ती शंका तुमच्या नावावर पडते, आणि तुम्ही नारिंगी होता. मग आयत्या वेळी तिच्याजवळ कुणीच नाही. त्यापेक्षा सोमवारपर्यंत शांत राहू. चारच तर दिवस आहेत."

तिने दुपारी फोन हातात घेतला. प्रसूतिगृहाचा नंबर काढला. सगळे फोन नोंदले जातात, हे तिला माहीत होतं. आपण बोललो तर काय होईल, याचा तिने विचार केला. केतकी चिडेल, पत्र जाईल, आपण संध्याकाळच्या गाडीने कराडला, आणि पोरीने ऐकलं नाही तर तिच्यावर नजर ठेवायलाही कुणी उरणार नाही. त्यापेक्षा जवळ राहावं. जवळ राहिलं तर काही झालंच तर धावता तरी येईल. हा विचार तिला शहाणपणाचा वाटला. पाच आठवडे न बोलायची सवय झालेल्या माणसाला न बोलण्याची कारणं पटकन सापडतात. तिने फोन खाली ठेवला.

गुरुवारी पत्र पुन्हा पूर्ण हिरवं झालं. शुक्रवारी केतकी म्हणाली, अंगठी निघत नाहीये गं. शैलजाने साबण लावून काढून दिली आणि म्हणाली, छान निघाली बघ.

शनिवारी दुपारी दोन वाजता केतकीला आकडी आली.

गॅलरीच्या दारात ती उभी होती, काहीतरी बोलत होती, आणि वाक्य अर्ध्यावर सोडून पडली. शैलजा धावली. तिने ठरवलं होतं तसं ती जवळच होती, अगदी चार पावलांवर. लेकीचं डोकं मांडीवर घेऊन तिने ऋत्विजला हाका मारल्या, आणि तिला जाणवलं की आपण तोच गिळलेला शब्द ओरडतोय असं वाटतंय, पण तोंडातून नुसता आवाज निघतोय.

प्रसूतिगृहाच्या दारात तिला कुणी अडवलं नाही. पत्र हिरवं होतं. शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर एका नर्सने पक्कड आणली; सलाइनसाठी हात मोकळा करायचा होता आणि चुडा सरकत नव्हता. "बांगड्या वाढवते हं, मावशी," ती म्हणाली, आणि एकेक काकण कट्कन् तुटलं. प्रत्येक काकणाखाली एक लाल वळ होता. नर्सने वळाकडे पाहिलं, मग शैलजाकडे पाहिलं. "किती दिवसांपासून?" तिने विचारलं. शैलजा खाली वाकून काकणांचे तुकडे वेचू लागली.

मुलगी झाली. दीड किलोची, काचेच्या पेटीत ठेवलेली, छातीचा भाता हलतोय एवढंच दिसणारी. जगेल, असं डॉक्टर म्हणाले, पण पुढचं आत्ताच सांगता येणार नाही. मेंदूला काही वेळ रक्त कमी पोचलंय. केतकीच्या उजव्या डोळ्यापुढे अजून धुकं होतं. तेही जाईल, कदाचित.

तिसऱ्या दिवशी सकाळी केतकी उशीला टेकून बसली. शैलजा खाटेशेजारी होती, तिथून ती हललीच नव्हती. शस्त्रक्रियेच्या वेळी काढलेला मणी स्टीलच्या वाटीत पडला होता.

"आई, डॉक्टर म्हणत होते, तीन दिवस आधी तरी सूज दिसली असणार."

"हो."

"तुला दिसली होती?"

"हो."

"बांगड्या?"

"बांगड्या. डोळे. शुक्रवारी अंगठी."

केतकी खिडकीकडे बघत होती. बोलली तेव्हा आवाज चढला नाही. "मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर मला काढलं असतं."

"काढलं असतंच. मीच काढलं असतं. भांडले असते, घालवून दिलं असतं तुला." ती थांबली. "तरी तू बोलायचं होतंस ना गं. दारात उभं राहून ओरडायचं होतंस. तू हिरवी राहिलीस."

शैलजाला पुष्कळ सांगायचं होतं. हे सगळं तुझ्याजवळ राहायला केलं. तुझ्यासाठी मी माझी भाषा गिळली. नऊ वर्षांपूर्वी मला भूक लागली होती. काळजी वाटत होती गं, रोज, श्वासाश्वासाला. पाच आठवड्यांत जिभेला वळण लागलं होतं ते सुटेना.

"होईल सगळं छान," ती म्हणाली.

केतकीने मान वळवून आईकडे पाहिलं. दहावीच्या वर्षी रात्र रात्र रडायची तेव्हासुद्धा तिने असं पाहिलं नव्हतं. मग तिने हात लांब करून वाटीतला मणी घेतला आणि कानामागे लावला. खाटेशेजारचा पडदा उजळला.

"अंतर," केतकी म्हणाली.

"कुणापासून?" पडद्यातून गोड आवाज आला.

"आई."

"शैलजा देशमाने हिरव्या आहेत. अंतर सुचवलेलं नाही. तरीही हवं असल्यास कारण सांगा."

"तिने माझी काळजी घेतली नाही."

पडदा क्षणभर थांबला. त्या वाक्यातला एकच शब्द त्याच्या ओळखीचा होता. "नोंद झाली," तो म्हणाला.

शैलजा उठली. पिशवी घेतली. पिशवीतलं दुपटं खाटेच्या पायथ्याशी ठेवावं की नाही, हे तिला ठरवता येईना; शेवटी ठेवलं. केतकीने डोळे मिटून घेतले होते. बाहेर ऋत्विज काचेच्या पेटीकडे बघत उभा होता. तो तिला लिफ्टपर्यंत सोडायला आला, दार धरून उभा राहिला, आणि दुसरं काही सुचलं नाही म्हणून म्हणाला, "टेक केअर, आई."

लिफ्टमध्ये गळ्यातलं पत्र थरथरलं. पत्र नारिंगी झालं होतं आणि त्यावर दोन ओळी उमटल्या होत्या. शैलजा देशमाने: अंतर. कारण: काळजी. बावीस वर्षं मराठी शिकवलेल्या शैलजाने त्या दोन्ही ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती.